शेवटच्या सहा खाटा

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमचा आवाज मला मुद्दाम आठवावा लागतो. काल मात्र तो न बोलावता आला. घाटकोपरच्या एका हॉलमध्ये मी तीस डॉक्टरांचा वर्ग घेत होते, सगळे कॅन्सरचे, बहुतेक तिशीच्या आतले. मी त्यांना सांगत होते की दुखणं कसं विचारायचं, मॉर्फिन किती आणि किती तासांनी द्यायचं, त्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध का लिहायचं, आणि 'आता ऑपरेशन करून उपयोग नाही' हे वाक्य बोलल्यावर खुर्चीतून लगेच का उठायचं नाही. तेव्हा एक तरुण सर्जन मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे सगळं बरोबर आहे, पण आमचे बॉस म्हणतात यात वेळ घालवू नका. आपण बरे करणारे डॉक्टर." तिचे शब्द, पण सूर तुमचाच. मी तिला म्हटलं, "तुझे बॉस चुकतात. माझेही चुकले होते." हॉल हसला. मला हसू आलं नाही. घरी आले, चहा ठेवला, तो उतू गेला, आणि मग हे लिहायला बसले. गोड काही लिहिणार नाही, हे आधीच सांगते. गोड बोलून झालंय माझं, तुमच्या शोकसभेत.

तुमच्या वॉर्डात आले तेव्हा मी पंचवीसची होते. वडिलांची गिरणी संपात बंद पडली होती आणि त्यांच्यासाठी ती पुन्हा उघडलीच नाही. आई बोरिवलीत लोकांचे कपडे शिवायची. आमच्या चाळीतली मी पहिली डॉक्टर, आणि तुम्ही उपनगरातले सगळ्यात मोठे कॅन्सर सर्जन. तुमच्या हाताखाली जागा मिळाली म्हणून आईने शेजारपाजारी पेढे वाटले. तुमचे हात बघायला बाहेरगावचे डॉक्टर यायचे, ते मीही पाहिलंय, नाकारत नाही. अर्धा जबडा काढून तुम्ही माणसाला पुन्हा जेवता करायचात. थिएटरमध्ये तुम्ही ओरडत नसायचात, घाई करत नसायचात. सगळी घाई राऊंडसाठी राखून ठेवली होती. वीस खाटांचा आपला वॉर्ड. पहिल्या चौदा खाटांपाशी तुम्ही थांबायचात, टाके बघायचात, मान वळवायला लावायचात, कधीकधी विनोदही करायचात. उरलेल्या सहा खाटा गॅलरीच्या दाराशी होत्या, कारण जखमांचा वास तिथून बाहेर जायचा. तिथे पोचलात की तुमची चाल वाढायची. पाय न थांबवता तुम्ही म्हणायचात, "कंटिन्यू." सहा खाटांना मिळून एक शब्द. मी सहा केसपेपरांवर तो लिहायचे. काय कंटिन्यू, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

त्याच वर्षी चेंबूरहून एक बाई आपल्याकडे दर शनिवारी दुपारी यायला लागल्या. भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, पंचावन्नच्या पुढच्या, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. कॅन्सरच्या डॉक्टरांना दुखण्यावरचे उपचार शिकवायचे, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्या फुकट करायच्या. पहिल्या शनिवारी त्यांनी खडूने फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. कुठे दुखतं? किती दुखतं? दुखल्यामुळे काय करता येत नाही? "तिसरा विचारला नाहीत तर पहिले दोन फुकट," त्या म्हणाल्या. मग त्या आम्हाला घेऊन शेवटच्या सहा खाटांपाशी गेल्या आणि स्टूल ओढून बसल्या. मी त्या वॉर्डात आठ महिने काम करत होते, पण ते स्टूल बसण्यासाठी असतं हे मला माहीत नव्हतं. आम्ही त्यावर ड्रेसिंगचा ट्रे ठेवायचो. गालाला भोक पडलेल्या एका आजोबांच्या जखमेवर त्यांनी जुलाबावर देतो तीच गोळी कुटून भुरभुरायला लावली. चार दिवसांत वास इतका कमी झाला की त्यांची सून पदर नाकाला न लावता शेजारी बसायला लागली. सर, चार पैशांची गोळी. तुम्ही इतकी वर्षं तो वॉर्ड चालवत होतात आणि वासावर तुम्ही काढलेला उपाय म्हणजे गॅलरीचं दार.

तुम्ही त्या वर्गाला 'मरणाचा क्लास' म्हणायचात. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही शनिवारचा राऊंड सकाळऐवजी दुपारी दोनला घ्यायला सुरुवात केलीत, बरोबर क्लासच्या वेळी. तिसऱ्या शनिवारी मी तरीही क्लासला गेले आणि राऊंडला वीस मिनिटं उशिरा पोचले. तुम्ही पाचव्या खाटेपाशी होतात. सगळे होते तिथे, सिस्टर, दोन ज्युनिअर, पेशंट, नातेवाईक.

"कुठे होतीस?"

"क्लासला, सर."

"कसल्या?"

"दुखण्यावरच्या उपचारांच्या."

"वा!" तुम्ही चष्मा काढलात. "इथे लोक बरे व्हायला येतात. ज्यांना हात धरून बसायचंय त्यांनी देवळात जाऊन बसावं. तुला सर्जन व्हायचंय की कीर्तनकार?"

सगळे हसले. पाचव्या खाटेवरचा पेशंटसुद्धा हसला, कारण तुम्ही हसत होतात आणि त्याचं ऑपरेशन मंगळवारी होतं. मीही हसले. ते हसू मला अजून कुठल्या फोटोत दिसलं तर मी फोटो उलटा करते. पुढच्या आठवड्यात तुम्ही सुपरिंटेंडेंटना कळवलंत की रेसिडेंट मोकळे नाहीत, आणि क्लास बंद झाला. बाई आपले तक्ते गुंडाळून जिन्याने उतरत होत्या तेव्हा मी त्यांच्या हातातलं ओझं घेतलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या सरांचा राग नको करू. घाबरतात ते त्या सहा जणांना." मला ते तेव्हा पटलं नाही. घाबरणारा माणूस ज्युनिअरला चारचौघांत असा सोलत नाही, असं वाटायचं. आता माहीत आहे की घाबरणारा माणूसच तसं करतो, पण त्यामुळे माझा राग तसूभर कमी झालेला नाही.

क्लास बंद झाल्यावर महिनाभराने एकोणिसाव्या खाटेवर एक पेशंट आली. तुम्हाला ती आठवत नसणार. मालवणकडची, पन्नाशीची, बोरिवलीत खानावळ चालवायची. वीस-बावीस एकटे पुरुष तिच्याकडे जेवायचे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. दुसरीकडे रेडिएशनचा शेक घेऊन झाला होता, आणि आता तो कमरेच्या आणि मांडीच्या हाडात पोचला होता. खानावळ तिची धाकटी बहीण बघायची आणि दुपारचं वाढून झालं की डबा घेऊन यायची. माझी आई त्याच बाजूची, त्यामुळे मी पहिल्या दिवशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलले, आणि त्यानंतर ती मला सोडेना.

मी बाईंसारखं स्टूल ओढलं आणि तीन प्रश्न विचारले.  तिसऱ्यावर ती म्हणाली, "माका कुशीर वळाक येना नाय गो. दोन महिने झाले, मी ह्या पंख्याकडेच बघतंय. नुसता कुशीर वळाक जमात असा कायतरी दी."

एवढंच मागितलं तिने. बरं कर म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझं मनगट धरलं. "माका खरा काय ता सांग. ह्यां आता बरा होवचा नाय मां?" मी म्हटलं, "सर बघतायत ना मावशी." तुम्ही बघत नव्हतात. तुम्ही तिच्यासमोरून रोज 'कंटिन्यू' म्हणत जात होतात.

त्या रविवारी मी दोन बस बदलून चेंबूरला बाईंच्या घरी गेले. त्यांनी मला पोहे खायला घातले आणि वहीचं पान फाडून सगळं लिहून दिलं. तोंडाने मॉर्फिन, किती घ्यायचं, सरबतात कसं मिसळायचं, दर चार तासांनी, दुखायला लागण्याची वाट न बघता. "हे काय अवघड आहे?" त्या म्हणाल्या. "अवघड तुझ्या सरांची सही आहे." मॉर्फिनच्या ॲम्प्युल, त्या इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, आपल्याकडे होत्याच, ऑपरेशननंतर देण्यासाठी, सिस्टरच्या कुलपाच्या कपाटात. पण एकेका ॲम्प्युलची नोंद व्हायची आणि पुढे तुमची सही लागायची.

सोमवारी राऊंडला तुम्ही चौदावी खाट ओलांडलीत आणि मी तुमच्या पुढे जाऊन उभी राहिले. तुम्ही थांबलात, कारण थांबणं भाग होतं. मी ते पान दाखवलं. तुम्ही हातात घेतलं नाहीत.

"मॉर्फिन? तोंडाने? महिना महिना?"

"सर, तिला कूस बदलता येत नाही."

"सवय लागेल तिला. श्वास थांबला तर सही कुणाची? कायदा किती कडक झालाय माहितीय ना? पोलीस माझ्या केबिनमध्ये नाही येणार, तुझ्या चाळीत येतील. आईला सांग मग पुन्हा पेढे वाटायला." तुमच्या मागे कुणीतरी खाकरलं. "पॅरासिटामॉल वाढव. पुढे."

ती उताणी पडून सगळं ऐकत होती. तुम्ही गेल्यावर तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "तुझो मोठो डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघणाच नाय गो." तक्रार केल्यासारखं नाही, नवल वाटल्यासारखं. जिने वीस माणसांना नाव घेऊन वाढलं, कुणाला तिखट चालत नाही आणि कुणाला भाताचा वरचा पापुद्रा आवडतो हे जिला पाठ होतं, तिला हे खरंच कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी ड्यूटीवर होते. रविवारी कपाटाची किल्ली ड्यूटीच्या डॉक्टरकडे असायची. सकाळी साडेअकराच्या सुमाराला आया तिच्याखालची चादर बदलत होती, तिला जरा कलती केली, आणि मांडीचं हाड मोडलं. आतून पोखरलेलंच होतं ते. मी तो आवाज गॅलरीत ऐकला आणि त्यामागून तिचा. सर, तुम्ही तिथे नव्हतात म्हणून सांगते. माणूस आधी देवाला हाक मारतो, मग आईला, आणि मग शब्द राहतच नाहीत. मी पाय बांधला, वाळूच्या पिशव्या लावल्या, जी इंजेक्शनं द्यायची मला मुभा होती ती सगळी दिली. कशाचा काही फरक पडला नाही. शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक उठून जिन्यात जाऊन बसले. विसाव्या खाटेवरच्या बाईने कानात कापूस घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. साडेबाराला बहीण डबा घेऊन आली. तिने डबा खाली ठेवला आणि माझा ॲप्रन दोन्ही हातांनी धरला.

"कायतरी दी गो. मरतली ती, माका कळता. पण अशी नको."

मी तिला सांगितलं, "सर नाही म्हणालेत."

मावशी पावणेपाचला गेली. साडेअकरापासून पावणेपाचपर्यंत. शेवटचा अर्धा तास ती ओरडत नव्हती, पण ते शांत होणं नव्हतं, ताकद संपली होती. डोळे उघडे होते आणि पंख्याकडेच होते. बहीण मला एक शब्दही वाईट बोलली नाही. तिने डबा उचलला, नेसती साडी ठीक केली आणि विचारलं, "आता खंय सही करूची?"

सोमवारी राऊंडला एकोणिसाव्या खाटेवर दुसरी बाई होती. तुम्ही 'कंटिन्यू' म्हणालात.

तीन महिन्यांनी मी परीक्षा पास झाले. तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून तुमचा स्वतःचा, परदेशातून आणलेला सुई धरायचा चिमटा दिलात. "माझ्या मुलाला द्यायचा होता, पण तो इंजिनीअरिंगला गेला," तुम्ही म्हणालात. मी वाकून नमस्कार केला. त्याच संध्याकाळी मी चेंबूरला गेले आणि बाईंना म्हटलं, मला उरलेला क्लास शिकवा. पुढची चार वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. माझ्याबरोबरचे लोक मला वेडी म्हणायचे. तुम्हीही म्हणालात म्हणे, "चांगला हात वाया घालवला." ते मला कुणीतरी येऊन सांगितलं, तुमच्या आवाजात, नक्कल करून. मला त्या दिवशी किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुम्हाला माझ्यामुळे काही लागलं तर, एवढीशी आशा.

आणि मग तुम्ही गेलात. पवईला तलावाच्या कडेने सकाळी फिरत होतात, जरा दमलो म्हणून बाकावर बसलात, आणि संपलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, असं तुमच्या मिसेस सगळ्यांना सांगत होत्या. लोक म्हणत होते, पुण्यवान माणूस. मी मुलुंडला तुमच्या हॉलमध्ये चटईवर बसले होते आणि मला राग आला होता. तुम्हाला कळायलाच नको होतं का कधी? एक दिवस, एक दुपार, उताणं पडून पंख्याकडे बघायला नको होतं? असं शत्रूविषयीही वाटून घेऊ नये, हे मला समजतं. मी रोज माणसांचं दुखणं कमी करते आणि एका माणसाला दुखलं नाही म्हणून आजही धुमसते. शोकसभेत मला बोलायला उभं केलं तेव्हा मी तुमच्या हातांविषयी बोलले. त्यात खोटं काही नव्हतं.

खोटं दुसरीकडे आहे. आता ते लिहायला हवं, कारण हे पत्र कुठे जाणार नाही आणि इतकी पानं झाल्यावर हात थांबत नाहीये.

माझ्या प्रत्येक वर्गात दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकोणिसाव्या खाटेची गोष्ट सांगते. नावं न घेता.  कालही सांगितली. मी सांगते की कपाटात औषध होतं, माझ्या खिशात किल्ली होती, आणि माझ्या सरांनी परवानगी दिली नाही. तरुण पोरांचे चेहरे रागाने लाल होतात. तुमच्यावरच्या त्या रागातून त्यांच्यातले निम्मे तरी उद्यापासून मॉर्फिन लिहायला लागतात, हे मी पाहिलंय. ती मुलगी काल जाताना म्हणाली, "मॅडम, मी सांगेन माझ्या बॉसना. ऐकलं नाही तरी देईन." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या रविवारी एक वाजता मी वॉर्डच्या फोनवरून तुमच्या घरी फोन केला होता, सर. तुम्ही जेवत होतात. मी काय झालं ते सांगितलं, आणि मी बोलत असताना मागून तिचा आवाज तुम्हाला फोनवर ऐकू आला असणार, कारण तुम्ही एकदम गप्प झालात. भांड्यांचा आवाजही थांबला. मग तुम्ही म्हणालात, "दे. उद्या येऊन सही करतो."

मी फोन ठेवला आणि किल्ली हातात घेऊन कपाटासमोर उभी राहिले. तुम्ही उद्या सही करणार नाही, असं मला वाटलं. चारचौघांत चष्मा काढाल आणि म्हणाल, मी कधी सांगितलं? परीक्षा तीन महिन्यांवर होती. वडील घरी बसून होते. तुम्हीच मला तुमची भीती बाळगायला शिकवलं होतंत, ती मी अगदी मन लावून शिकले होते, आणि ते पाप तुमच्याच खाती आहे, ते मी माझ्याकडे घेणार नाही. पण कपाट मी उघडलं नाही. सोमवारी राऊंडला जाण्याआधी तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "दिलंस?" मी म्हटलं, "वेळच मिळाला नाही, सर." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पेन खिशात परत ठेवलंत आणि चालायला लागलात.

तिच्या बहिणीने माझा ॲप्रन पुन्हा धरला तेव्हा दीड वाजला होता. मी तिला दुसऱ्यांदा सांगितलं, सर नाही म्हणालेत.

तुम्ही हो म्हणाला होतात.